यकृताचा रंग

काचेवर अंगठ्याचा ठसा उमटला, तो त्यानं सदऱ्याला पुसला, आणि पुसता पुसता दुसरा उमटला — नवा बल्ब, पांढरा, भर दुपारच्या उजेडासारखा, असं दुकानदार तरी म्हणाला होता... टेबलावर वाकलेल्या दिव्यात मात्र अजून लेकीनं बसवलेला तो पिवळाच. पाकात बुडवलेला उजेड! "बाबा, डोळ्यांना कसं शांत वाटतं की नाही?" वाटतं ना. हॉटेलात बसल्यासारखं वाटतं. पण मी इथं जेवायला बसतो का? मी यकृत रंगवतो, बाई, यकृत!

उभा जन्म त्यानं डॉक्टरकीच्या पुस्तकांसाठी माणसाच्या आतलं सामान रंगवलं. त्याचं जठर बघून एका परीक्षकाला भर परीक्षेत भूक लागली होती, एका विद्यार्थिनीनं त्यानं काढलेल्या आतड्यावर बोट ठेवलं आणि नकळत ओढणीला पुसलं — 'मी स्वतः पाहिलंय, म्हणजे पाहिलेल्यानं मला सांगितलंय, एकच ते,' असं तो सांगे — आणि त्या हाताला आता प्रकाशकाकडची कालची पोरगी फोनवर विचारते, "काका, यकृत जांभळं आलंय हो. पुढची चित्रं कॉम्प्युटरवरच करून घेऊ का?"

जांभळं! येणारच. या पिवळ्यात निळा दिसतच नाही, मग माणूस आणखी निळा ओततो. खिडकी होती, तर तिच्यापुढं लेकीनं पुस्तकांचं कपाट आणून उभं केलं, खोली 'ऑफिससारखी' दिसावी म्हणून. आणि वर —

"चिडू नका बाबा. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय."

"डोळे नाही, तुझा दिवा बिघडलाय!"

"बरं, दिवा बिघडलाय. पण जायचं."

त्या 'बरं'नं त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. औषधाला तोंड फिरवणाऱ्या लेकीला तो स्वतः असंच 'बरं' म्हणायचा, आणि चमचा पुढं करायचा...

प्रकाशकाकडून परत आलेलं यकृताचं चित्र पातळ कागदाखाली झाकलेलं होतं. गॅलरीतल्या उजेडात नेऊन बघता आलं असतं. सकाळी नेलंही होतं दारापर्यंत; पण वारा होता. नंतर वारा पडला, तेव्हा ऊन फार होतं.

त्यानं बल्ब बदलला. बटण दाबलं. उजेड टेबलावर आदळला — ब्रशचा केस न् केस, नखातला वाळलेला रंग, सगळं उघडं पडलं. आता कागद उचलायचा, लेकीला बोलवायचं, म्हणायचं, बघ! हे वाक्य त्यानं सकाळपासून घोटून ठेवलं होतं.

"लागला का दिवा?" आतून लेक.

"लागला."

"मग? दिसतंय का नीट?"

 घरभर मावत नव्हता तो राग, आणि ऐन वेळी कुठं गेला... त्यानं तो शोधला, पिवळ्या बल्बवर, कपाटावर, त्या कालच्या पोरीवर चिडून पाहिलं. एकही राग धरेना. या उजेडातही यकृत जांभळं दिसलं नाही, तर दोष द्यायला दिवाही उरणार नव्हता. चित्रावरच्या कागदाचा कोपरा दोन बोटांत धरून तो नुसता बसून राहिला — आणि लेकीनं आत यावं, त्याला विचारल्याशिवाय, पुन्हा एकदा काहीतरी भलतंच करून ठेवावं, असं त्याला फार वाटू लागलं.