नववीची घंटा

शाळेची जुनी घंटा एकदाची कायमची बंद पडली, तेव्हा मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, संगीताच्या सरांना बोलावून घेतलं. "आता स्पीकरवर धून वाजणार," त्या म्हणाल्या. "विकतची मिळतेच आहे. पण तुमच्या पोरांनी रचली तर ऐकेन. पसंत पडली तर ती, नाहीतर विकतची."

सर तिथून निघाले ते हवेतच. एरवी पोरांची चाल चार भिंतींत जन्मते आणि तिथेच विरते. ही रोज वाजणार होती, तीही तास संपताना. तास संपल्याचा आवाज न आवडणारं पोर अजून जन्माला यायचंय.

त्यांचा वर्ग तळघरात भरायचा. एका बाजूला मोडक्या बाकांची चळत, दुसऱ्या बाजूला पियानो, त्याच्या डोक्यावर चहाच्या कपांचे गोल डाग, आणि मधोमध नववीची फौज. चाल रचायला शिकवायचं म्हणजे सर आधी सगळ्यांना गप्प बसवायचे. "कान उघडा रे, तोंडं तुमची आपोआप उघडतात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मग पाच सूर हातात द्यायचे आणि सांगायचे, एवढ्यात संसार करून दाखवा.

पोरांनी केलेले संसार म्हणजे आनंदीआनंद होता. भोंग्याची चाल (गळ्यावरून पडलेलं नाव, खरं नाव त्याच्या आईलाच आठवत असेल) अशी होती, की कुणीतरी शिंकत शिंकत जिना उतरतंय. पण मुंगी पियानोपाशी बसली आणि अख्खा वर्ग चिडीचूप झाला.

मुंगी ही वर्गातली सगळ्यांत लहानखुरी पोर. विचारलं तरच बोलणार, तेही निम्मं. घरी वाद्याचा पत्ता नाही. जे काही शिकली ते मधल्या सुट्टीत ह्याच पियानोवर. तिची चाल हळूहळू वर चढायची, मधल्या 'ध'वर टेकायची आणि हसत हसत खाली यायची. मतदान घ्यायची गरजच पडली नाही. सरांनी तिथल्या तिथे चाल कागदावर उतरवून घेतली.

जाताना मुंगी दारात घुटमळली. "सर, होईल ना? मी घरी सांगून बसलेय. धाकट्या भावाला पण. तो म्हणतो, तुझी घंटा वाजली तरच खरं."

"होणार म्हणजे होणारच," सर म्हणाले. बोलून गेले खरे, पण आता शब्द खाली पडू देणं शक्य नव्हतं.

सभागृहात सगळे जमले, तेव्हा वायरमन पिशवी घेऊन तयारच होता. विकतची धून त्याच्या फोनमध्ये होती, दुपारपर्यंत दोन्हीपैकी एक बसवून मोकळं व्हायचं होतं. सभागृहातला पियानो लांबरुंद, चकचकीत, खास पाहुण्यांसाठी राखलेला. मुंगी त्याच्यापुढे आणखीच मुंगी दिसायला लागली. तिने सुरुवात केली, चाल वर चढली, आणि ती थांबली. पुन्हा सुरुवात, पुन्हा तिथेच थांबली. तिसऱ्यांदा तर तिने हातच मांडीवर ठेवले.

"काय झालं गं?" सर जवळ गेले.

"ह्या पियानोत कोणीतरी मध्येच बोलतंय, सर."

"नाचता येईना अंगण वाकडं," मोठ्या बाई हळूच म्हणाल्या. वायरमनने फोन बाहेर काढला. मुंगीचे डोळे डबडबले.

"पण ती खरं सांगतेय, बाई," भोंगा मागून म्हणाला. "ही आमची चाल नाहीच." आणि सगळ्या नववीने माना हलवल्या.

सरांना काही उमगेना. "अगं, बरोबर तर वाजवतेयस. हा बघ 'ध', किती छान आला."

"पण 'ध' येतच नाही ना, सर," मुंगी म्हणाली. "त्या पट्टीवर गप्प बसायचं असतं. मला वाटलं, ती त्यासाठीच केलेली असते."

सर जागच्या जागी थिजले. तळघरातल्या पियानोची ती पट्टी मुकी होती. आतली हातोडी कधीची तुटलेली. सरांनी सुरुवातीला तक्रारीही केल्या होत्या, मग विसरून गेले. बोट त्या पट्टीवर पडलं, की 'ध' त्यांच्या डोक्यातच वाजायचा, इतका चोख, की तो बाहेर वाजत नाही हे त्यांच्या गावीही नव्हतं. पोरांना कान उघडा म्हणून सांगणारा हा माणूस स्वतः इतकी वर्षं भलतंच ऐकत होता.

"मग ती पट्टी सोडूनच दे," ते म्हणाले.

मुंगीने करून पाहिलं. पण बोट टेकवल्याशिवाय तिला गप्प बसता येईना. ठेका गडबडला, हात अडखळले. वायरमनने घड्याळाकडे पाहिलं.

तेव्हा सरांनी बाह्या सरसावल्या, त्या पाहुण्यांच्या पियानोचं झाकण उघडलं आणि गाडी दुरुस्त करायला वाकावं तसे कमरेत वाकून आत शिरले. 'ध'च्या तारा सापडल्या. त्यांनी त्या बोटांनी घट्ट दाबून धरल्या. "हं, वाजव आता," आतून आवाज आला. भोंग्याला हसू आवरेना.

मुंगीने वाजवलं. चाल चढत गेली, चढत गेली, आणि नेमकी माथ्यावर गप्प झाली. सगळ्या नववीने एकदम श्वास घेतला. वायर गुंडाळणाऱ्या वायरमनचा हात हवेतच राहिला. मग चाल हसत खाली आली.

"परत," मोठ्या बाई म्हणाल्या. परत ऐकून झाल्यावर त्या वायरमनकडे वळल्या. "तुमची ती विकतची राहू द्या. हीच भरून घ्या."

नववीने सभागृह डोक्यावर घेतलं. सर मात्र अजून तारांवरच वाकलेले होते. त्यांना इतका आनंद झाला होता, की मान वर करायचीच लाज वाटत होती.

"मुंगे," ते म्हणाले, "तुझी चाल मी आज पहिल्यांदा ऐकली गं."

मुंगीने मान डोलावली. तिला ते पटलेलं दिसलं.

"मग कशी वाटली, सर?"

"सांगतो," सर म्हणाले. "आधी परत एकदा ऐकू दे."