शिंगातला श्वास

पोळा आठवड्यावर आला की आश्रुबा तात्यांच्या दारात बैलांची रांग लागायची. तात्या कानशीने शिंग घासत, मग काचेच्या तुकड्याने साळत, मग तेल चोळत. दोन्ही शिंगं अशी सारखी करत की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. मला विचाराल तर हे सगळं खूळच होतं. मी दूध सोसायटीचा चेअरमन, मला बैलाच्या शिंगापेक्षा म्हशीच्या कासेचं जास्त कौतुक. एकदा मी तसं तोंडावर बोललो, तर तात्या म्हणाले, "चेअरमन, देवाच्या मुकुटातून किती लिटर दूध निघतं, ते बी एकदा मोजून सांगा." त्यावर सगळी पारावरची मंडळी मला हसली.

त्यांचा स्वतःचा बैल पवळ्या. तांबडाभडक, कंधारी रक्ताचा, आणि डोक्यावर तात्यांनी वर्षानुवर्षं घडवलेली ती दोन शिंगं. गावात दुसरं काही बघायला नसलं तरी पाहुण्याला पवळ्या दाखवायला नेत.

मग तो दुष्काळ आला. पालीच्या धरणात चिखलाला भेगा पडल्या, कडबा सोन्याच्या मोलानेही मिळेना, तेव्हा सोसायटीने गावाबाहेरच्या माळावर चारा छावणी उघडली. तात्या आणि त्यांची बायको सत्यभामाकाकू पवळ्या नि त्याच्या जोडीदाराला घेऊन तिथेच पालाखाली राहायला आले. भल्या पहाटे उसाचं वाढं वाटताना माझी सगळ्यांशी भांडणं व्हायची, तात्यांशी जरा जास्त.

थंडीच्या सुरुवातीला पवळ्या डोकं झटकायला लागला. मान उजवीकडे पाडून उभा राहायचा, खांबाला शिंग घासायचा. तात्यांनी लगेच निदान केलं.

"उजवं शिंग जड झालंय. म्हणून मान तिकडं जाती. जरा हलकं केलं की झालं."

आणि त्यांनी कानस काढली. दर दोन-चार दिवसांनी ते उजवं शिंग थोडं थोडं घासत, लांब उभं राहून डोळे बारीक करून बघत, पुन्हा घासत. पवळ्या अंग चोरायचा, पण धन्याचा हात म्हणून उभा राहायचा. मान काही सरळ होईना. मग एके दिवशी त्याच्या उजव्या नाकपुडीतून रक्त ठिबकलं. टँकरच्या पाण्यातली जळू नाकात गेली, असं छावणीने एकमताने ठरवलं आणि कुणीतरी तंबाखूचं पाणीही त्याच्या नाकात ओतलं. रक्त ठिबकतच राहिलं.

त्या आठवड्यात सरकारी दवाखान्याच्या वाघमारे डॉक्टर लस टोचायला आल्या. पोरसवदा दिसणारी, उभ्या अंगाची बाई. मी त्यांना पवळ्याकडे नेलं. त्यांनी बोटाच्या पेराने डाव्या शिंगावर टकटक केलं, तर रिकाम्या डब्यासारखा आवाज आला. मग उजव्यावर. तिथं नुसतं भद्द.

"आतून भरलंय," त्या म्हणाल्या. "तुकडा तपासायला पाठवू, पण मला खात्री वाटते. शिंगाचा कॅन्सर आहे."

मला हसूच आलं. "मॅडम, शिंगाला कुठला आलाय कॅन्सर? शिंग म्हणजे नख. आपण नखं कापतो, दुखतं का?"

"वरचं कवच नखासारखं, चेअरमनसाहेब. आत जिवंत हाड असतं, त्यात रक्त खेळतं. तात्या, हात द्या." त्यांनी तात्यांचा तळवा डाव्या शिंगाच्या बुडाशी धरला. "ऊब लागते?"

तात्यांनी तळवा आणखी घट्ट दाबला. मग म्हणाले, "लागती."

"आता उजवीकडे."

तात्यांनी तिथं हात ठेवला आणि चटकन मागं घेतला. चुलीवरून उतरवलेल्या भाकरीला लागावा तसा.

जन्मभर ज्या शिंगांवर त्यांचे हात फिरले, त्यांची ऊब त्यांनी कधी ओळखली नव्हती. घासून घासून शिंग तापतं, असंच ते समजत आले होते. त्यांचा चेहरा बघून माझं हसू जिरलं.

"माझ्या घासण्यानं झालं का, बाई?"

डॉक्टर खोटं बोलल्या नाहीत. "एकट्या त्यानं झालं असं मी म्हणणार नाही. पण शिंगाला सारखी इजा होत राहिली, तर धोका वाढतो असं आम्ही मानतो. कानस, काच, जू, दोर, सगळंच. आता मात्र शिंग मुळापासून काढावं लागेल. रोग डोक्यात उतरला, तर माझ्या हातात काही राहणार नाही."

"शिंग काढायचं न्हाई," तात्या म्हणाले आणि पालात जाऊन बसले.

मी समजावलं, रागावलो, सोसायटीचा चेअरमन म्हणून दरडावूनही पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. "एकशिंग्या बैल वेशीत कसा न्यायचा? लोक हसतील त्याला," एवढंच ते म्हणत. शेवटी सत्यभामाकाकू चुलीपासून उठल्या. त्यांच्या हातात पीठ होतं.

"आवं, तुमी बैल पाळलाय का शिंगं? सांगा मला. बैल मेल्यावर ती शिंगं काय डोक्यावर बांधून फिरणार?"

संध्याकाळी तात्यांनी कानस सत्यभामाकाकूंच्या हातात दिली आणि म्हणाले, "बाईला बोलवा."

सकाळी चांगलंच गार होतं. पवळ्याला दोराने अलगद खाली पाडलं, डोक्याखाली गवताची पेंढी दिली. डॉक्टरांनी गुंगीचं औषध दिलं, डोळा आणि शिंगाच्या मधे बधिर करायची सुई टोचली, मग कातडी सोडवून घेऊन तारेच्या करवतीने शिंग कापायला घेतलं. मी बघायला थांबलो होतो ते चेअरमनकीच्या तोऱ्यात. शिंग सुटून पडलं, तर आत फुलकोबीच्या गड्ड्यासारखं मांस दाटलेलं. एवढ्या गुळगुळीत, चकाकत्या शिंगात एवढं सगळं वाढत होतं आणि बाहेरून कुणाला पत्ता नव्हता. डॉक्टरांनी ते सगळं काढलं, धुतलं, पुसलं. मग एकदम म्हणाल्या, "तात्या, इकडे या. हे बघा."

डोक्यावर जिथं शिंग होतं, तिथं एक भोक दिसत होतं. खोल, आत कवटीकडे गेलेलं. आणि त्या भोकातून वाफ येत होती. पवळ्याचं पोट खाली गेलं की गार हवेत वाफेचा झोत उठे, पोट फुगलं की थांबे. पुन्हा उठे. डॉक्टरांनी कापसाचा बारीक धागा समोर धरला. धागा बाहेर झुले, आत ओढला जाई.

"शिंग आतून पोकळ असतं आणि ती पोकळी नाकाशी जोडलेली असते," डॉक्टर म्हणाल्या. "बैलाचा श्वास शिंगापर्यंत जातो."

छावणीतली माणसं ती वाफ बघायला पुढं वाकली. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या त्या शिंगांना घासलं, रंगवलं, बेगड लावलं, टोकांना पितळी शेंब्या ठोकल्या, आणि आत सगळा वेळ श्वास चालला होता. तात्या गुडघ्यांवर बसले. त्यांनी जखमेपासून वीतभर लांब तळवा धरला. पवळ्याचा ऊन श्वास त्यांच्या तळव्यावर लागत राहिला.

"लेकरा, तू हितं पण होतास व्हय रं," ते म्हणाले आणि रडले. मीही रडलो, धुळीचं निमित्त करून.

डॉक्टरांनी राखलेली कातडी ओढून भोक शिवून टाकलं. तपासणीचा निकाल त्या म्हणाल्या तसाच आला. जखम भरली, रक्त थांबलं, मान सरळ झाली. रोग पुन्हा उद्भवू शकतो, डावं शिंगही वाजवून बघत जा, एवढं त्यांनी बजावलं.

पुढच्या साली पाऊस बरा झाला. पोळ्याच्या आधी पुन्हा तात्यांच्या दारात रांग लागली, पण कानस कुठंच दिसेना. तात्या प्रत्येकाचा हात धरून बैलाच्या शिंगाच्या बुडाशी ठेवत आणि विचारत, "ऊब लागती का?" मग कोमट पाण्याने शिंग पुसून त्याला परत पाठवत. काही जण चिडून गेले. बरेच जण हात तिथंच ठेवून उभे राहिले.

पोळ्याच्या दिवशी वेशीत मिरवणूक लागली. बाशिंगाची एक दोरी डाव्या शिंगाला बांधतात, एक उजव्या. पवळ्याला उजवं नव्हतंच. कुणीतरी मागून हसलं. मी वळून "कोण हसलं बे?" म्हणेपर्यंत तात्या पुढं झाले होते. त्यांनी बाशिंगाची ती दोरी आपल्या मुठीत घेतली, मूठ शिंगाच्या जागी भरल्या जखमेवर ठेवली, आणि वेशीपासून मारुतीच्या देवळापर्यंत पवळ्याच्या डोक्याशी डोकं लावून चालत राहिले.