दुपारची लाइन

"रोज एवढं कोण वाजवतं?" ठिणगीकाकांनी अँपच्या मागून डोकं बाहेर काढत विचारलं.

"कुणी नाही."

"दोन्ही व्हॉल्व्ह उतरलेत. आत्ता तर घातले होते मी. तू किती वाजवतोस?"

"रविवारी. तेही शेजारी गावाला गेले तर."

"मग दुसरं कुणीतरी लावतंय," ते म्हणाले आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मी झोपेत उठून वाजवत असेन अशी मलाच शंका आली.

काका गिटारचे जुने, काचेच्या व्हॉल्व्हचे अँप, म्हणजे आवाज मोठा करणारे खोके, दुरुस्त करतात. दुकानात एकदा एक ठिणगी उडाली होती. त्यानंतर वर्षानुवर्षं त्यांनी चोख काम केलं, पण लोकांनी लक्षात ठेवली ती ठिणगी.

माझा पहिला संशय त्यांच्यावरच होता. नवे व्हॉल्व्ह सांगून जुने घातले असतील, तर मला काय कळणार? पण मागच्या वेळी काढलेले जुने व्हॉल्व्ह त्यांनी आपल्या खुणेसकट समोर ठेवले, तेव्हा संशय घेऊन मी घरी आलो. घरी बहीण होती. ती म्हणाली, "तुझ्या गिटारला हात लावण्यापेक्षा मी भांडी घासेन," आणि तिनं आजवर कधीच भांडी घासलेली नसल्यामुळे विधानात दम होता. बाबा सकाळी जातात ते अंधार पडल्यावर येतात. शिवाय बाबांवर संशय घेणं म्हणजे कपाटावर संशय घेणं.

राहिली आत्या. तिला मी पाळतीवर बसवलं.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून. एक्स्चेंज बंद झालं तशी तीही घरी आली. अजून हाक मारली की "ओ" न देता "बोला" म्हणते, आणि घाई केली की "होल्ड करा." जन्मभर दोन माणसांच्या मधे बसून तिनं कधी एक शब्द आपला घातला नाही. त्यामुळे घरात तिच्यावर सगळ्यांचा विश्वास होता, आणि तिच्याशी फारसं कुणी बोलत नव्हतं.

अँप काकांकडून यायचा होता तोवर तिला फक्त सूचना दिल्या. आधीच्या दिवसांबद्दल मात्र चौकशी केली.

"दुपारी कुणी यायचं का गं?"

"नाही."

"माझ्या खोलीत कुणी जायचं?"

"परकं कुणी नाही."

हे उत्तर ऐकून कुठल्याही हवालदारानं वही उघडली असती. मी समाधानानं जेवलो.

दोन दिवसांनी अँप आणायला गेलो. काकांनी नवी जोडी घातली होती आणि बायस लावत होते. व्हॉल्व्ह नुसता बसलेला असताना त्यातून किती करंट जाऊ द्यायचा, तो बायस. जावयासारखं असतं. कमी दिलं तर कुरकुरतो, जास्त दिलं तर घर जाळतो. आत दोन बारीक स्क्रू होते, प्रत्येक व्हॉल्व्हला एक. काका मीटरकडे बघत केसभर फिरवायचे, थांबायचे, पुन्हा केसभर.

"आधीचे दोघं एकमेकांशी पटवून घेत नव्हते, म्हणून अँप घूं करायचा. आता ऐक."

मी कान दिला. "चालू आहे?"

"चालू आहे."

आम्ही दोघं त्या शांततेकडे कौतुकानं बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आत्यानं मला दारातच अडवलं. "तो मिस्त्री चोर आहे."

"का?"

"आतलं काहीतरी काढून घेतलंय त्यानं. दिवा लागतो, पण त्यात जीव नाही."

"तुला काय माहीत? तू लावलास?"

आत्या म्हणाली, "होल्ड कर," आणि स्वयंपाकघरात गेली. मी होल्ड केलं. बऱ्याच वेळानं हात पुसत आली.

"रोज लावते मी. गिटार नाही जोडत. नुसता."

"नुसता कशाला?"

"तुम्ही सगळे गेलात की घर इतकं गप्प होतं, लाइन कापल्यासारखं. आमच्याकडे लाइन जिवंत असली की कानात घूं असायचं. कुणी बोलत नसलं तरी कळायचं, पलीकडून कुणी उचलू शकतं. घूं गेलं की समजायचं, तार तुटली." ती टॉवेलची घडी घालत राहिली. "आज दुपारी तार तुटली."

"रेडिओ लाव ना."

"रेडिओ एकटाच बोलतो. त्याला माझं काय काम?"

"मला सांगायचंस तरी."

"तूच मला राखणीला बसवलंस. म्हटलं, चोरानं राजीनामा कुणाकडे द्यायचा?"

त्या रात्री ती न जेवता झोपली. दुसऱ्या दिवशी बहीण लवकर घरी आली होती; तिनं सांगितलं, आत्या दुपारभर जिन्यात बसून होती. कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाली, खालून लोकांच्या दारांचे आवाज येतात.

मी काकांकडे गेलो. "काका, तो घूं परत घाला."

काकांनी आधी दुकानाचं दार लावून घेतलं. "कुणी पाठवलं तुला? कोपऱ्यावरच्या दुसऱ्या मिस्त्रीनं?"

"आत्यानं."

"कुणाची आत्या? मी जन्मभर घूं काढलाय, घातला कधीच नाही. उद्या बोंब मारशील, ठिणगीनं अँप बिघडवला."

सगळं सांगितल्यावरही त्यांना ते पटलं नाही. आत्या खरंच आहे का, हे बघायला ते हत्यारांची पिशवी घेऊन घरी आले. आत्याही आधी पिशवीत वाकून बघून आली, आपलं काही त्यात आहे का.

अँप टेबलावर उघडा पडला. काकांनी मला आणि आत्याला मागे सरायला लावलं. "आत हात घालायचा नाही. माणूस उडतो." मग आत्याला म्हणाले, "बोला ताई, कसला हवाय?"

आत्यानं ओठ मिटून बारीक "म्‌म्‌म्‌" करून दाखवलं. काकांनी एका व्हॉल्व्हचा स्क्रू थोडा उलटा फिरवला. अँप गुणगुणायला लागला.

"नाही. हे ट्रंकचं झालं. लांबचं. मला गावातलं पाहिजे."

काका माझ्याकडे वळले. मी खांदे उडवले. त्यांनी केसभर मागे घेतलं.

"अजून. अजून जरा. हे पावसाळ्यातलं आहे, तारेत पाणी शिरल्यावर असं येतं."

काकांचा संशय कुठे विरला कळलं नाही. ते वाकून, श्वास धरून काम करायला लागले. मीटरवर दोन व्हॉल्व्हचे आकडे धडधडीत वेगळे दिसत होते. ते बघवेना म्हणून त्यांनी मीटर पालथा घातला.

"तुझं गाणं जरा फाटेल," मला म्हणाले.

"आमचं आधीपासून फाटलेलंच आहे."

"आणि हे मी केलंय असं कुठे बोलायचं नाही."

"थांबा," आत्या म्हणाली.

काकांचा हात जागच्या जागी थांबला.

"हां. ही आली."

"कुणाची?" काकांनी हळूच विचारलं.

"कुणाचीही असू दे. आहे ना."

तिनं उजव्या कानावरचे केस मागे सारले, पाठ ताठ केली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. काकांना स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकायचा होता, पण वाजेल म्हणून त्यांनी तो हातातच धरला. मला खोकला येत होता, तो मी गिळला. घरात कुणी फोनवर असलं की आपण उभे राहतो, तसे आम्ही दोघं उभे राहिलो.