गाडी काढायची हाय

सेहेचाळिसाव्या वर्षी पहिली मोटरसायकल घ्यायला निघालेल्या माणसाला फुकट दोनच गोष्टी मिळतात, सल्ला आणि हसू. मला दोन्ही पोटभर मिळाले. मिळत नव्हती ती फक्त गाडी, आणि ती सोमवारच्या आत मिळाली नाही तर माझी नोकरी जाणार होती.

नोकरी म्हणजे पिरंगुटच्या एका पंपाच्या कारखान्यात माल पाठवण्याचं कारकुनी काम. आम्ही मूळचे हिंगोलीचे. कासार आंबोलीला घर घेतलं तेच कारखाना जवळ म्हणून. बसला लटकलं की पोचलं, गाडीची कधी गरजच पडली नाही. मग मालकाच्या मुलाला साक्षात्कार झाला आणि कारखाना जागेवर ठेवून ऑफिस तेवढं बालेवाडीला गेलं, काचेच्या इमारतीत. कासार आंबोलीहून बालेवाडी म्हणजे आधी एक बस, मग भूगावची कोंडी, मग चांदणी चौकात उतरून दुसऱ्या बसची वाट. सकाळची पहिली बस धरली तरी उशीर व्हायचा तो व्हायचाच. नव्या साहेबानं दारात अंगठ्याचं मशीन बसवलेलं. त्या मशीनला भूगाव कुठं आहे हे माहीत नाही. शुक्रवारी साहेबानं मला आत बोलावलं आणि अगदी गोड आवाजात सांगितलं, "मंडे से एक भी लेट, तो फिर मत आइए."

घरी सांगितलं तर आशालता म्हणाली, "मग घ्या की गाडी! गल्लीतली शेंबडी पोरं चालवतात. तुम्हाला काय सोन्याचे पाय आहेत?" माझ्या बायकोला धीर द्यायची हीच एक पद्धत माहीत आहे. लर्निंग लायसन्स तिनंच महिन्यापूर्वी, ऑफिस हललं तेव्हा, माझ्या मागं लागून काढायला लावलं होतं. त्यानंतर मी गाडीला हात लावला नव्हता. भीती वाटत होती, दुसरं काही नाही.

शनिवारी वरच्या मजल्यावरचा पियूष मला शोरूमला घेऊन गेला. पियूष आयटीत आहे, आणि त्याला मोटरसायकलींचं सगळं तोंडपाठ. "काका, बिगिनरला हंड्रेड सीसी बास. हलकी बघा, सीट लो बघा. पॉवरचं नाव काढू नका. पाय टेकतात का, तेवढं बघा." बोलला लाखातलं. पहिली गाडी मला उंच झाली, दुसरी जड झाली. तिसरीवर दोन्ही पाय टेकले, त्या आनंदात मी स्टँड सोडला आणि गाडीसकट शेजारच्या गाडीवर आडवा झालो. विक्रीवाली मुलगी "इट्स ओके सर" म्हणाली, पण तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मग पियूष म्हणाला, स्कूटरच घ्या, गिअरची भानगड नाही. शोरूममागच्या मोकळ्या जागेत बसवलं. आता मी घाबरलो की हातातली वस्तू घट्ट आवळतो, हा माझा जन्माचा स्वभाव. स्कूटरची मूठ आवळताना पिळली गेली की ती पळते. ती पळाली, मी आणखी आवळली. भिंतीनं वाचवलं. तेव्हा ठरलं, गिअरचीच गाडी. घाबरून क्लच आवळला तर निदान ती पुढं तरी जात नाही. पण नवी गाडी नंबर येऊन हातात पडायला पुढचा आठवडा उजाडणार होता, आणि मला पुढच्या आठवड्यात नोकरीच राहणार नव्हती.

संध्याकाळी सोसायटीच्या गेटवर गेणबा भेटला. हा कोळवणचा शेतकरी, आमच्याकडे इंद्रायणी तांदूळ घेऊन येतो. वॉचमननं त्याच्या कानावर काहीतरी घातलं असावं.

"सायेब, गाड्यांचं बघताय म्हनं," गेणबा म्हणाला. "माज्या पोराची गाडी काढायची हाय. लई दिस हुबी हाय. उंद्या येताय का कोळवणला?"

मला वाटलं, देव पावला. आमच्या हिंगोलीकडे 'म्हैस काढायची आहे' म्हटलं की गिऱ्हाईक दारात येतं. काढायची म्हणजे विकायची, त्यात विचारायचं काय? मी रात्रीच आशालताला सांगून टाकलं, की गाडीचं जमलं. जेवताना तिनं न मागता वरून तूप वाढलं.

रविवारी सकाळी जीपनं कोळवणला उतरलो. गेणबाचं घर रस्त्यालगत, मागं भाताची खाचरं. गोठ्याच्या कडेला ताडपत्रीखाली गाडी होती. जुनी, हलकी, बुटकी, किकची. बसून बघितलं. दोन्ही पाय सपाट टेकले. मी अख्ख्या शनिवारात हिच्यासारखी गाडी पाहिली नव्हती.

"काढा," गेणबा म्हणाला.

"काढतो. पण आधी व्यवहाराचं बोलून घेऊ."

"कसला येव्हार?"

"अहो, विकायची आहे ना?"

गेणबा माझ्याकडे बघत राहिला. "इकायची? कुणी सांगितलं? काढायची म्हंजी भाईर काढायची, चालू करायची. मला न्हाई येत. भाचा यायचा आईतवारी, त्यो चाकणला कामाला लागला. तुमास्नी गाड्यांतलं कळतंय म्हनं, म्हनून बोलावलं." मग त्यानं घराकडं मान हलवली. "पोराला आवाज ऐकायचा असतो."

पोरगा, ओम, आत खिडकीशी खाटेवर होता. शहरातल्या कुणाचा तरी बंगला बांधताना स्लॅबवरून पडला, कमरेखालचं सगळं गेलं. बावीस-तेवीस वर्षांचा असेल. खिडकीच्या गजांतून तो माझ्याकडे टक लावून बघत होता.

मला काय वाटायला हवं होतं ते मला कळतं. पण खरं सांगतो, मला आधी राग आला. माझा रविवार गेला, सोमवार जाणार, आणि हा म्हातारा मराठी धड बोलत नाही! जीप परत जायला वेळ होता, नाहीतर तिथूनच फिरलो असतो.

"मला चालवता येत नाही," मी म्हणालो.

आतून ओम हसला. "न्हाई येत? मंग गाडी कशाला बघताय, काका?"

"शिकायला. उद्या बालेवाडीला वेळेत पोचायचंय."

त्यानं कोपरावर रेटून मान गजांशी आणली. मग म्हणाला, "किल्ली फिरवा. चोक वढा. न्हाई, त्यो न्हाई, डावीकडला. आता मारा किक."

किती किका मारल्या देव जाणे. अखेर गाडीनं धूर ओकला आणि ती चालू झाली. खिडकीत ओमनं डोळे मिटले. गेणबा गोठ्याच्या खांबाला धरून उभा होता. मग ओम तिथूनच सांगत गेला आणि मी खळ्यात गोल फिरत गेलो. त्याला मी दिसायचो अर्धा वेळ, बाकी तो नुसत्या आवाजावर बोलायचा. "क्लच सावकाश सोडा. रडतीया ती, दुसरा टाका. घाबरला की क्लच दाबा, बाकी कायबी करू नका." मी पडलो, उठलो, परत बसलो. दुपारपर्यंत मी रस्त्यावरून वळणापर्यंत जाऊन आलो, एकटा. आलो तेव्हा ओम ओरडला, "जमलं की वो काका!" आणि मला पोरासारखं रडू आलं.

तिथंच थांबायला हवं होतं. पण माझ्यासमोर सोमवार होता. मी खिडकीशी गेलो आणि म्हणालो, "ओम, ही मला देशील?"

त्याचा चेहरा एकदम कठोर झाला. "इकायची न्हाई."

"मग नुसती दे. आठवडाभर. नवी आली की आणून देतो. उद्या पोचलो नाही तर मला काढतील रे." मी हात जोडले. माझा पोरगा शोभेल अशा मुलापुढं, गजांबाहेर उभं राहून, हात जोडले.

"काढू द्या की!" तो ओरडला. "तुमचे पाय हायेत न्हवं? दुसरीकडं जावा! ती माजी हाय. मी उटनार हाय."

गेणबा खाली बघत होता. मी किल्ली खिडकीत ठेवली आणि जीपच्या रस्त्याला लागलो.

सोमवारी पहिली बस धरली. भूगावात एक कंटेनर आडवा अडकला होता. बस हलेना, तसा मी उतरलो आणि पळत सुटलो. पुढं चालत, पुढं कुणाच्या तरी टेम्पोत, पुढं परत पळत. काचेच्या इमारतीत पोचलो तेव्हा शर्ट अंगाला चिकटला होता आणि वेळ टळून गेली होती. मशीननं माझा अंगठा घेतला आणि बाईच्या आवाजात 'थँक यू' म्हटलं.  साहेबानं नुसती मान हलवली, आणि एका मुलीनं माझा डबा, छत्री आणि टेबलावरचा गणपती एका पिशवीत भरून दिला.

आशालतानं दार उघडलं. "काढली का गाडी?"

"मला काढलं," मी म्हणालो.

ती नेहमीसारखी ताडकन काहीतरी बोलेल असं वाटलं. बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं पिशवी घेतली, गणपती काढून टीव्हीशेजारी ठेवला आणि तिथंच पाठमोरी उभी राहिली. मला आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती. या वयाच्या कारकुनाला कोण ठेवून घेणार?

दिवस मावळताना वॉचमननं खालून हाक मारली. गेटवर गेणबा उभा होता. तांदूळ नव्हता, हातात किल्ली होती.

"सायेब, पोरगा म्हनतो, काढायची."

"काढायची म्हणजे?" मी विचारलं. आता मी शहाणा झालो होतो.

"इकायची." तो म्हणाला. "काल तुमी गेल्यापास्नं त्यो जेवला न्हाई. मगाशी म्हनला, बाबा, त्या काकांला रोज जायचंय. मला कुटं जायचंय? देऊन टाका. गाडी घरीच हाय, येऊन न्या, पैशाचं मागनं बघू." त्यानं किल्ली माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी मूठ दोन्ही हातांनी मिटवली. "उटनार म्हनायचा त्यो. आजच्याला पैल्यांदा तसं बोलला न्हाई."

मला बोलायचं होतं. बोलायलाच हवं होतं, की ज्या कामासाठी तो गाडी देतोय ते काम सकाळीच गेलं, मलाही आता कुठं जायचं नाही. पण हे ऐकून गेणबा परत कोळवणला जाऊन त्या खिडकीशी काय सांगणार? मी मूठ तशीच मिटलेली ठेवली.

"एक इचाराया सांगितलंय त्यानं," गेणबा म्हणाला. "सकाळी कामाला किती वाजता निगता? म्हंजी रोज त्या टायमाला, आता गाडी निगाली, असं त्याला खाटंवर पडून मनात बघता यील."

"साडेसातला," मी म्हणालो.