गालिच्यातला पारा

थर्मामीटरच्या कारखान्यात सगळे तिला वहिनी म्हणत, कारण तिचा नवरा तिथेच बारा वर्षं काचेच्या नळ्यांत पारा भरत होता. पुढे त्याचे हात थरथरायला लागले. मालकाने त्याला सगळ्या कामगारांसमोर उभं केलं, हातात पेन दिलं. "कर सही." सही कसली, कोंबडीचे पाय उमटले.

"बघा रे, सकाळी सकाळीच टाकून आलाय!" मालक खो खो हसला आणि दारुड्या म्हणून त्याला हाकलून दिलं. उभ्या जन्मात त्या माणसाने थेंब घेतला नव्हता.

वहिनी कोपऱ्यात झाडू धरून उभी होती. रडली नाही. नोकरीही सोडली नाही.

हवेत पारा किती चालतो याची सरकारने हद्द घालून दिली आहे. म्हणून मालकाने फरशीवर सांडलेला पारा ओढायला व्हॅक्युम क्लीनर आणला.

"मशीन नको मालक," तिने एकदाच सांगितलं. "आमच्या ह्यांनी बजावलंय. ते तापतं, पाऱ्याची वाफ मागून बाहेर टाकतं."

"तू मला शिकवणार? केर काढ गुमान! आणि माझी केबिनपण ह्याच मशीनने लख्ख हवी. रोज."

"बरं, मालक."

आठ महिने तिने ती केबिन लख्ख ठेवली. जाड गालिचा, बंद खिडक्या, एसी. काय चाललंय ते तिला पक्कं ठाऊक होतं. नवऱ्याला घास भरवून यायची आणि मशीनचं बटण दाबायची. हात एकदाही अडखळला नाही.

मग नवऱ्याच्या तक्रारीवरून तपासनीस बाई आल्या, हवा मोजायचं यंत्र घेऊन. कारखान्याच्या खिडक्या पहाटेपासून सताड उघड्या. आकडा हद्दीच्या आत.

"बघितलंत मॅडम? त्या दारुड्याचं काय मनावर घेता! मिटवा फाईल."

"मॅडम, केबिन राहिली," वहिनी म्हणाली.

"तिथे कशाला? तिथे पारा नसतोच!"

"नसतोच ना? मग घाबरता कशाला मालक?"

केबिनच्या दारातच यंत्र किंचाळायला लागलं. आकडा हद्दीच्या सातपट. बाईंनी नाकाला रुमाल लावला. "आधी बाहेर व्हा सगळे!"

अंगणात उभ्या उभ्या त्यांनी अहवाल लिहिला. कारखान्याला आजच सील, आणि त्या कामगाराची सरकारी खर्चाने वैद्यकीय तपासणी. "करा सही."

"मॅनेजर करेल. हल्ली तोच करतो."

"मालकाचीच लागते."

कामगार गोळा झाले. मालकाने एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट घट्ट धरलं, तरी पेन कागदभर नाचलं. कोंबडीचे पाय.

वहिनी वाकून बघायला पुढे झाली. "काय मालक, सकाळी सकाळीच?"

कोणी हसलं नाही. ती एकटीच हसली, पोटभर.