भिंगरीच्या दारावरची कडी

मी एक जुनी कडी आहे. मित्रांनो, कडी म्हटली की ती दाराला हाताशी असते. मी मात्र दाराच्या पार वरच्या टोकाला आहे. मोठ्या माणसालाही टाचा उंचावल्याशिवाय मी सापडत नाही.

माझा जन्म पत्र्याच्या शेडमधल्या एका कारखान्यात झाला. तिथे मला तापवलं, ठोकलं, घासून गुळगुळीत केलं. मग दुकानाच्या खोक्यात मी बराच काळ पडून होते. एका सकाळी एक बाई धापा टाकत आली, तिने मला उचललं आणि सुताराला सोबत घेऊनच घरी गेली.

“इतक्या वर कडी?” सुतार हसला. “ताई, चोर काय उंटावर बसून येणार आहे?”

“चोरासाठी नाही हो,” बाई म्हणाली. “आमची मुलगी बाहेर पळते.”

 सुताराने स्क्रू चांगले लांब लावले.

त्या मुलीला घरात भिंगरी म्हणत, कारण ती स्वतःभोवती गरगर फिरत राही. ती बोलत नसे. डॉक्टरांनी तिच्या अवस्थेला स्वमग्नता म्हणतात असं सांगितलं होतं. पाण्याचं तिला भारी वेड, आणि भीती म्हणजे काय हे तिला ठाऊकच नव्हतं. दार किलकिलं दिसलं की ती बाणासारखी सुटे. खाली वाहता रस्ता होता. तिच्या वाट्याची सगळी भीती तिच्या आईलाच बाळगावी लागे.

बाबा छापखान्यात पाळीवर जात. घरी आई एकटीच. भिंगरीला झोप कमी, म्हणून आईलाही कमी. मिक्सरच्या आवाजाने ती कान दाबून किंचाळे, म्हणून आई वाटण पाट्यावर वाटी. आई नहाणीघरात गेली तरी दार उघडं ठेवून, एक कान माझ्याकडे लावून. पाहुणे येत आणि म्हणत, “कमाल आहे हो तुमची! आमच्याच्याने नसतं झालं.” एवढं बोलून चपला घालत. मी लागताना जरा कुरकुरले, तर सगळे माझं कौतुक करीत, “कडी मात्र मजबूत आहे!”

मित्रांनो, मला हळूहळू आईची काळजी वाटू लागली. ती मला लावी, चार पावलं जाई आणि परत येऊन मी लागलेय का ते पाही. पुन्हा येई. कधी कधी नुसतीच दाराला कपाळ टेकवून उभी राही. पूर्वी ती स्वयंपाक करताना गुणगुणत असे. ते कधी थांबलं, मलाही कळलं नाही.

एके दुपारी पाणी पोहोचवणारा माणूस जार ठेवून गेला. आईने दार लोटलं. माझ्याकडे हात उचलला. तो अर्ध्यावरच थांबला आणि खाली आला. ती तिथेच भिंतीला टेकून बसली आणि तिचे डोळे मिटले.

मी उघडीच होते! मला ओरडता येत नाही. स्वतःहून सरकता येत नाही. भिंगरी आली, तिने दार ओढलं आणि ती जिना उतरून गेली. खालून हॉर्न वाजले. कुठेतरी गाडीचे ब्रेक किंचाळले. आईने डोळे उघडले. तिने उघडं दार पाहिलं.

आणि ती उठली नाही.

क्षणभरच. पण तो क्षण मी पाहिला आहे. तिचा चेहरा रिकाम्या खोलीसारखा होता. मग तिच्या तोंडून असा आवाज निघाला, की अजून आठवला तरी मी थरथरते. ती अनवाणी धावत सुटली.

नंतर मी ऐकलं, की कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये गाड्या धूत होते. भिंगरी त्या फवाऱ्याखाली हसत उभी होती. तिथपर्यंत पोहोचायला तिने भर वाहतुकीतून रस्ता ओलांडला होता. आईने तिला कडेवर आणलं. दोघी चिंब. आईने मला लावलं आणि बाबांना फोन केला.

“घरी ये. आत्ता. नाही, ती ठीक आहे. मी ठीक नाही.”

बाबा आले ते घाबरूनच. “अगं, कडी कशी विसरलीस?”

“विसरले, ते जाऊ दे,” आई म्हणाली. “दार उघडं दिसलं, आणि मला उठावंसंच वाटलं नाही. कळतंय का तुला? मला रस्त्याची नाही, माझीच भीती वाटतेय.”

 बाबा तिच्याजवळ जमिनीवर बसले. ते म्हणाले, “मला वाटायचं, तुला जमतंय.”

“सगळ्यांनाच वाटतं.”

बाबांनी आपल्या मोठ्या बहिणीला बोलावलं. आत्या आल्या आणि फटकळपणे म्हणाल्या, “आधी सांगायचं नाही का गं? मी काय परकी आहे?” मग त्यांनी भिंगरीला कसं धरायचं, तिला काय सोसत नाही, हे सगळं आईकडून विचारून घेतलं. डॉक्टरांनी आईलाही तपासलं. बाबांनी पाळी बदलून घेतली.

पहिल्या दुपारी आत्यांनी आईला दाराबाहेर काढलं.

“पण मी कुठे जाऊ?”

“कुठेही जा. फक्त परत ये.”

मी लागले. आईची पावलं जिन्यावर दूर गेली. मित्रांनो, त्या दुपारी माझ्या मनात नको ते विचार आले. ती आलीच नाही तर? उन्हं उतरली. आत्याही सारख्या दाराकडे बघत होत्या. अखेर टकटक झाली. आईच्या गालावर बाकाच्या फळ्यांचे वळ होते. बागेत जाऊन ती नुसती झोपली होती.

भिंगरी अजूनही पळू पाहते. भीती या घरातून गेलेली नाही. पण आता ती वाहायला माणसं वाढली आहेत.

मित्रांनो, तुमच्या शेजारीही असं एखादं घर असेल. तिथल्या आईबाबांना ‘कमाल आहे तुमची’ म्हणून निघून येऊ नका. त्यांना विचारा, “आज दुपारी मी बसू का तुमच्या लेकराजवळ?” आणि खरोखर बसा.