मलकापूर रोडवरचा विसावा

“दिस बुडायच्या आत रोहिनखेडले नेतं का नाही, तेवढं सांग.”

शवागाराच्या दारात शालिग्राम माझ्या अंगावर आल्यासारखा उभा होता. मेलेला गोपाल त्याचा चुलतभाऊ. आदल्या संध्याकाळी मलकापूर रोडवरच्या चौकात गोपालच्या मोटारसायकलला ट्रक लागला होता, आणि पोस्टमॉर्टमच्या कागदांवर सह्या होता होता दुसऱ्या दिवसाची दुपारही कलली होती. हिवाळ्याचे दिवस, सूर्य कसला थांबतो!

“नेतो ना भाऊ,” मी म्हणालो, “पन गाडी माह्या हिशोबानं चालन.”

“तुह्या हिशोबानं? मानूस तुह्या घरचा गेला का?”

 या कामात उत्तरं गिळायची सवय लागते. मी एका संस्थेची शववाहिका चालवतो. गाडीवर मागंपुढं मोठ्या अक्षरांत ‘स्वर्गरथ’ लिहिलंय. मागं झोपलेल्याची जात मी विचारत नाही, गाव विचारतो आणि गावापर्यंत डांबरी आहे का ते विचारतो. माझं नाव प्रेमानंद. या नावात आनंद कुठून शिरला, असं आमची मंजुश्री म्हणते. जेवायला वाढताना म्हणते, त्यामुळं वाद घालता येत नाही.

पण त्या दिवशी मला स्वतःचीच पडली होती, खोटं कशाला बोलू. त्या चौकात कॅमेरा बसल्यापासून माझ्या नावावर दोन फोटो जमा झाले होते. दोन्ही वेळा मागं रडारड, मधल्या काचेवर नातेवाइकांचे गुद्दे, ‘मुर्दा घेऊन कोनी उभं राह्यते का बे’, आणि मी लाल असतानाच गाडी काढलेली. फोटो मोबाइलवर आले. त्यात स्वर्गरथ, वर लाल दिवा आणि काचेमागं माझं थोबाड. लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा मी इतका साफ आलेलो नाही.

दवाखान्यासमोर निवृत्तीची चहाची टपरी आहे. त्यानं तो फोटो साऱ्या गिऱ्हाइकांना दाखवला. “काय बे प्रेमा, मेलेल्याले कायची घाई?” सगळे पोट धरून हसले. संस्थेच्या सेक्रेटरींना मात्र हसू आलं नाही. “आता तिसऱ्यांदा सापडलास तर लायसन जमा होईल,” ते म्हणाले, “आणि बिनलायसनचा ड्रायव्हर काय पूजेला ठेवायचा आम्ही?” मला स्टेअरिंगशिवाय दुसरं काही येत नाही. गुडघे गेलेत. या वयात कोण कामावर घेणार मला?

टपरीवर रोज त्या कॅमेऱ्याचा उद्धार व्हायचा. रस्त्यावरचे खड्डे त्याला दिसत नाहीत का, पुढाऱ्याची गाडी आली की त्याच्या डोळ्यात कुसळ जातं का, गरिबाला लुटायचे धंदे आहेत सगळे. मीही तावातावानं बोलायचो. घरी येऊनही तेच चालू. एकदा मंजुश्री शेंगा सोलत होती. मी खाटेवर पडल्या पडल्या म्हणालो, “त्या कॅमेऱ्यानं वाट लावली माही.”

“कॅमेऱ्यानं तुमचा पाय धरून गाडी रेटली का?”

“लोकं आंगावर येतात ना! तुले काय सांगू!”

“लोकं गावात उतरून जातात. लायसन तुमचं हाये.”

मी कूस बदलून झोपलो. बायको खरं बोलली की माणसानं झोपावं, दुसरं काय करणार!

तर गोपालला गाडीत घेतलं. शालिग्राम आणि आणखी काही जण मागं त्याच्याजवळ बसले. त्याचे वडील किसनराव माझ्या शेजारी, पुढं. जाडजूड हाताचा शेतकरी माणूस. मांडीवर एक पिशवी होती, पोलिसांनी परत दिलेली. तिच्यातून गोपालच्या बुटांची टोकं दिसत होती. सकाळी त्यांना ठाण्यात बोलावून नेलं होतं. तिथून आल्यापासून त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. पोरगा गेलेला माणूस काय बोलणार, म्हणून कोणी विचारलंही नव्हतं.

मागून शालिग्रामचा आवाज येत होता. तो फोनवर कुणाला तरी सांगत होता, “उद्या सकाळी सारे ठान्यात या. सगळ्यायनं एकच सांगाचं, ट्रकवाल्यानं लाल तोडला. त्याले सोडाचं नाही बे.” त्या ट्रकवाल्याला लोकांनी काल चौकातच चोपलं होतं. आता तो कोठडीत बसला होता.

आणि चौक आला. बुलढाणा सोडून खाली मोताळ्याकडं उतरायचं तर त्याला टाळून जाताच येत नाही. दिवा पिवळा झाला.

“काढ, काढ!” मागून ओरडा झाला.

मी ब्रेक दाबला. लाल लागला. मागं स्ट्रेचर जरासं सरकलं, तसा काचेवर गुद्दा बसला.

“अबे, थांबला काऊन?”

“लाल हाये भाऊ.”

“त्याच्या मायनं कालपासून पानी नाही पेलं. आळीत कोनाची चूल पेटली नाही. अन् तू इथं लाल-हिरवं पाहून राह्यला?”

त्याचं काही खोटं नव्हतं. हाच तर माझा सगळा त्रास आहे, माझ्यावर ओरडणारा माणूस कधी खोटं बोलत नसतो. प्रेत उठेपर्यंत शेजारीपाजारी चूल पेटवत नाहीत. दिवस बुडाल्यावर अग्नी देत नाहीत. म्हणजे उशीर झाला तर पोर रात्रभर अंगणात, आणि आई उशाशी. प्रत्येकाची घाई खरीच असते हो. पण त्या प्रत्येकाच्या घाईचा फोटो माझ्या नावावर निघतो.

“लायसन जाईन माहं,” मी म्हणालो. “मलेही लेकरं हायेत.”

मागचं दार धाडकन उघडलं. शालिग्राम उतरून माझ्या खिडकीशी आला आणि त्यानं हात घालून स्टेअरिंग धरलं. डोळे लाल झालेले, रात्रभर जागलेला. “सरक तिकडं. मी चालोतो. माह्यावर येऊ दे काय यायचं ते.”

“तुह्यावर नाही येत ना भाऊ! फोटोत गाडी अन् मीच असतो!”

“तं मंग चाल!”

आडव्या रस्त्यावर तेवढ्यात कुणीच नव्हतं. मला फार कंटाळा आला, देवाशपथ. त्या ओरड्याचा, त्या कॅमेऱ्याचा, सेक्रेटरीचा, माझाही. जाऊ दे लायसन, म्हटलं. पाय ब्रेकवरून सैल झाला. गाडी हातभर पुढं सरकली.

किसनरावांनी गिअरवरच्या माझ्या हातावर हात ठेवला.

“थांब.”

“मोठेबाबा, दिस बुडून राह्यला,” शालिग्राम म्हणाला.

“बुडू दे. थांबू दे त्याले. काल इथंच थांबला असता तं—” किसनराव म्हणाले. 

“ट्रकवाल्यानं लाल तोडला ना पन!”

“ट्रकवाल्याले हिरवा होता.”

शालिग्रामचा हात स्टेअरिंगवरून खाली आला.

“सकाळी साह्यबानं दाखोलं मले ठान्यात,” किसनराव समोरच्या खांबाकडं बघत बोलत होते. “टीव्हीवर. कॅमेऱ्यातलं. आपल्या गोपालले लाल होता. बाकीच्या गाड्या उभ्या होत्या. एक बाई लेकरू घेऊन उभी होती. हा मधातून निंगाला. मीच म्हनलं साह्यबाले, एकदा आखीन लावा. मले वाटलं, या खेपेले तरी थांबन.”

 मागच्यांनी काचेला कान लावले होते.

“उद्या ठान्यात कोनी जानार नाही,” ते म्हणाले. “त्या ट्रकवाल्याच्या मायनंही पानी पेलं नसन.”

दिवा हिरवा झाला. मागच्या गाड्यांनी हॉर्न सुरू केले. मी गिअर टाकला, तर किसनराव म्हणाले, “इथंच इसावा घेऊ.”

तिरडी मसणवटीत नेताना अर्ध्या वाटेत खाली टेकवतात. खांदेकरी जागा बदलतात, डोक्याकडचे पायाकडं येतात. तो विसावा. आमच्या समाजात त्याचं काही नसतं, पण इतकी माणसं पोहोचवल्यावर मला सगळ्यांचं सगळं पाठ झालंय. डांबरी चौकात, सिग्नलखाली घेतलेला विसावा मात्र मी कधी पाहिला नव्हता.

किसनराव बुटांची पिशवी घेऊन उतरले. हॉर्न वाजत होते, ते त्यांच्या कानातही जात नव्हते. मागं जाऊन ते गोपालच्या डोक्याशी बसले. शालिग्राम जरा वेळ रस्त्यातच उभा राहिला, मग निमूट माझ्या शेजारी येऊन बसला. तोवर दिवा पुन्हा लाल झाला होता.

मागून एक मोटारसायकलवाला शिव्या देत बाजूला आला. पोरगाच होता. “रस्ता तुह्या बापाचा हाये का बे?” म्हणाला आणि मग त्यानं गाडीवरचं नाव वाचलं. एकदम ओशाळला. त्यानं मागच्या काचेकडं बघून हात जोडले, छातीला लावले. आणि लाल असतानाच सुसाट निघून गेला. वर खांबावर बारीक उजेड चमकला.

शालिग्राम तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिला.

“पाह्यलं का?” तो म्हणाला.

“रोजच पाह्यतो,” मी म्हणालो.

हिरवा झाल्यावर मी मागं विचारलं, “काढू का, काका?”

“काढ. हळू.”

राजूर घाटात सूर्य डोंगराआड गेला. कुणी एका शब्दानं टोकलं नाही. माझं लायसन वाचलं होतं. जिवाला बरं वाटत होतं आणि त्या बरं वाटण्याची लाजही वाटत होती. मागं बाप पोराशी काहीतरी पुटपुटत होता. वळणावळणाला ‘सांभाळून’ एवढंच मला ऐकू यायचं. ते मला सांगत होते की त्याला, देव जाणे.

रोहिणखेडला पोहोचलो तेव्हा अंधारून आलं होतं. गाव रस्त्यावर उभं होतं. एक म्हातारेबुवा आभाळाकडं बघून म्हणाले, “उजेड हाये तोवर चालते. उरका लवकर.” वीज गेलेली होती, म्हणून मी हेडलाइट अंगणाकडं वळवून चालू ठेवले.

गोपालची आई, कोकिळाबाई, दोन बायांच्या आधारानं आली. मला वाटलं, आता हंबरडा फोडेल. पण ती गाडीतून उतरणाऱ्या नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

“उशीर काऊन केला?”

शालिग्रामनं मान खाली घातली.  किसनरावांच्या हातात पिशवी होती, ती त्यांनी या हातातून त्या हातात घेतली.

“चौकात लाल लागला होता,” ते म्हणाले. “थांबलो.”

 ती काय समजायचं ते समजली असावी. आईला कोणता कॅमेरा लागतो!

“बरं केलं,” कोकिळाबाई म्हणाली. “त्याले थांबाची सवयच नव्हती.”

मग तिनं बायांचे हात सोडवले आणि मागचं दार स्वतःच सताड उघडलं.